पत्ता

एकतीस वर्षं टपाल वाटलं मी आर्ब्रोथमध्ये.
कुणाचं दार फुगतं, कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो,
कुणाकडे लाल शिक्क्याची पाकिटं येतात
आणि न फोडता जिन्याखाली जातात,
सगळं ठाऊक.
पत्ते वाचणं हाच तर धंदा.
आता निवृत्त झाले, टॅरो शिकायला घेतला,
हातात अठ्ठ्याहत्तर पत्ते
आणि समोर बसेल अशा माणसाचा
पत्ता नाही.

पहिली बसली सेंगा, माझी बहीण.
बसली म्हणजे बसवली.
तिचे पत्ते मांडून उपयोग काय?
तिचा घटस्फोट मला तिच्याआधी कळला होता,
वकिलाचं पाकीट मीच टाकलं तिच्या दारातून.
“लवकरच बातमी येईल,” मी म्हटलं.
“तूच आणशील,” म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

ग्रंथालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली:
शिकाऊ आहे. फुकट. चुकलं तर हसायचं नाही.
खाली फोन नंबरच्या दहा शेपट्या कातरून.
आठवड्याने दोन गेलेल्या.
एक वाऱ्याने. दुसरी नेणाऱ्याचा फोन आला,
त्याला शिवणयंत्र विकायचं होतं.
चर्चच्या जत्रेत टेबल मागितलं
तर मिसेस ऑक्टरलोनी गोड हसल्या,
आणि मुरंब्याच्या बरण्या नि विणलेले मोजे
यांच्यामधली जागा अचानक भरून गेली.

मग नेटाची लाँड्री.
तिथून माणूस चाळीस मिनिटं हलत नाही;
कपडे ओलीस असतात त्याचे.
नेटा म्हणाली, “बस. पण कुणाला मरण सांगायचं नाही,
आणि मशीनवर पत्ते मांडायचे नाहीत.”

मशीनवरच मांडले. दुसरी जागा कुठे होती?
मांडीवर पुस्तक लपवून, पानात अंगठा अडकवून
एका पोरीला सांगितलं, मनोरा आला,
काहीतरी कोसळणार.
“कालच कोसळलं. आमचं धुराडं.
नगरपालिकेला कळवलंय.”
एका नर्सला मधेच डोळा लागला.
तिचे तीन पत्ते तसेच उपडे ठेवून
मी तिचे कपडे ड्रायरमध्ये टाकले.
ते वाचन, मला वाटतं, बरं झालं.

आणि एका गुरुवारी मोजले तर सत्त्याहत्तर.
आठ पेल्यांचा पत्ता कट.
मशीन थरथरतं, गुळगुळीत पत्ता घसरतो,
घसरतो तो कुणाच्या तरी टोपलीत.
नेटाने जाळ्या उपसल्या.
तीन बटणं मिळाली, एक दुधाचा दात.

बाराव्या दिवशी डॉड पेट्री आला,
हॅडॉक धुरावतात त्या वखारीतला,
एकतीस वर्षं दारातून
नुसती मान हलवणारा.
हातात कपडे नव्हते.
खिशातून काढून ठेवला:
फुगलेला, कडेने सुटलेला,
साबणाचा आणि धुराचा मिळून एकच वास.
“उशीच्या अभ्र्यात होता. आज सापडला.
म्हणजे बारा रात्री यावर झोपलोय.
काय म्हणतो हा?”

मी पुस्तक काढलं. परत पिशवीत टाकलं.
त्या पत्त्यावर एक माणूस असतो, लाल झगा, पाठमोरा,
पेले मागे ठेवून डोंगराकडे निघालेला.
तो धुवून गेला होता.
पेले तेवढे उरले होते,
आणि वर चंद्राचा पिवळट डाग.
डॉडच्या दारात मी शेवटपर्यंत
दोन नावांचं टपाल टाकत होते;
त्यातलं एक नाव चार वर्षांमागे गेलेलं.
हे पुस्तकात नाही.

नेटा चादरीची घडी घालता घालता थांबली,
दोन टोकं हनुवटीखाली धरून.
“बस,” मी म्हटलं. “आधी मला सांग,
झोप कशी लागली?”

त्याने टोपी काढली,
मशीनवर ठेवली, पत्त्याच्या शेजारी,
आणि तीही
हळूहळू थरथरायला लागली.